सॉफ्टवेअरची नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करताना: कोणते काम कधी करावे

नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू पाहणारे बरेच सॉफ्टवेअर अभियंते सुरुवात राजीनाम्यापासून करतात आणि विमा, कर, करारनामा, दर ही उरलेली कामे नंतर सुचतील तशी उरकतात. हिंजवडीतील एका कंपनीत अकरा वर्षे काढल्यानंतर मीही तेच केले आणि पहिल्या दीड वर्षात त्याची पुरेपूर किंमत मोजली. म्हणून या लेखात मी मुख्यतः क्रमाबद्दल लिहिणार आहे: कोणते काम नोकरीत असतानाच करून ठेवावे, कोणते नोटीस पिरियडमध्ये उरकावे आणि कोणते पहिला ग्राहक मिळेपर्यंत पुढे ढकलले तरी चालते. नियम व रकमा भारतातील आहेत आणि व्यवसाय कराचा भाग महाराष्ट्रापुरता आहे.

आधी थकव्याचा विचार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचत गेलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित स्थिती असे त्याचे वर्णन तेथे आहे. तिच्या तीन खुणा दिलेल्या आहेत: अंगातील शक्ती संपून गेल्याची भावना, कामापासून मन तुटणे किंवा त्याचा उबग येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटत राहणे. आपल्याकडे पहिल्या खुणेकडे ‘झोप झाली नसेल’ म्हणून आणि दुसरीकडे ‘प्रोजेक्ट बदलून घे’ म्हणून दुर्लक्ष होते. तिसरी खूण दिसू लागली की माणूस थेट राजीनाम्याचा मसुदा लिहायला बसतो. त्या मनःस्थितीत लिहिलेला राजीनामा हा व्यवसाय सुरू करण्याचा निर्णय नसतो, तो केवळ सुटकेचा मार्ग असतो. सुटकेसाठी बाहेर पडलेला माणूस पहिल्याच ग्राहकाला वाटेल त्या दरात आणि वाटेल त्या मुदतीत होकार देतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

म्हणून पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर, जीवनसत्त्व ब-१२ आणि ड यांची तपासणी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. माझे ब-१२ इतके कमी निघाले होते की ज्या विसराळूपणाला मी करिअरचा शेवट समजत होतो, त्याचा निम्मा भाग इंजेक्शनांच्या एका कोर्सने गेला. झोप उडाली असेल, सकाळी उठून रडू येत असेल किंवा जगण्याविषयीच नकोसे विचार येत असतील, तर करिअरचा प्रश्न बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

दुसरी पायरी सलग सुट्टीची. शक्य असल्यास तीन आठवडे रजा घ्यावी आणि त्या काळात कंपनीचा लॅपटॉप बंद ठेवावा. पहिला आठवडा नुसता झोपण्यात जातो. नंतर मात्र स्वतःवर लक्ष ठेवावे. दहाव्या-बाराव्या दिवशी एखादी छोटी वस्तू स्वतःहून बनवावीशी वाटू लागली, तर कंटाळा कामाचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे असे समजावे, आणि अशा माणसाला स्वतंत्र काम मानवण्याची शक्यता बरीच आहे. कोड उघडण्याच्या कल्पनेनेच पोटात गोळा येत असेल, तर तोच कोड घरी बसून लिहिल्याने तो गोळा जाणार नाही. अशा वेळी संघ बदलणे, कंपनी बदलणे किंवा सॉफ्टवेअरच्या बाहेरचे काम शोधणे हे पर्याय अधिक प्रामाणिक आहेत.

ही वेळ आठव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास अनेकांवर का येते, हे समजून घेतले तर स्वतःला दोष देणे कमी होते. सेवा देणाऱ्या कंपन्यांचा हिशेब मनोऱ्यासारखा असतो: तळाला मोठ्या संख्येने फ्रेशर्स, वर थोडे अनुभवी लोक, आणि ग्राहकाला बिल माणशी किंवा तासाप्रमाणे लावलेले. अनुभवी माणसाचा पगार वाढला की त्याने स्वतः कोड लिहिणे कंपनीला महाग पडते, म्हणून त्याच्याकडे आठ-दहा जणांचे वेळापत्रक, अप्रेझल आणि ग्राहकाचे कॉल सोपवले जातात. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. भूमकर चौकातील वाहतुकीतून घरी येऊन, जेवणाचे ताट बाजूला सारून, ज्या कामासाठी आपण या क्षेत्रात आलो त्यातील एकही ओळ न लिहिता दिवस संपतो. हा दोष व्यक्तीच्या मनोधैर्याचा नाही.

आपल्याकडे विकण्यासारखे काय आहे

‘जावा, स्प्रिंग, अँग्युलर’ अशी यादी बायोडेटात ठीक असते, ग्राहकाला तिच्याशी कर्तव्य नसते. नोकरीतील वर्षे एका कागदावर उतरवून प्रत्येक प्रोजेक्टसमोर तो कोणत्या धंद्यासाठी होता, तेथे काय अडले होते आणि आपण काय सोडवले, हे मराठीत, तांत्रिक शब्द न वापरता लिहावे. विमा दाव्यांची प्रक्रिया, बँकेतील रोजचा ताळमेळ, कारखान्यातील मालाच्या नोंदी यांपैकी एखादा विषय आपल्याला आतून माहीत असतो आणि ती माहिती भाषा किंवा फ्रेमवर्कपेक्षा जास्त टिकते. कोड लिहून देणारी साधने आता कोणालाही उपलब्ध आहेत; कोणता कोड लिहू नये हे ठरवण्यासाठी मात्र धंद्याची माहिती लागते.

कमी प्रतिष्ठेची म्हणून आपण जी वर्षे लपवतो, तीच येथे उपयोगी पडतात. सपोर्टमध्ये काढलेल्या तीन वर्षांत मी इतरांनी लिहून सोडून दिलेला कोड वाचायला शिकलो. स्वतंत्र कामातील माझी बरीचशी कमाई नवे काही बांधण्यापेक्षा असाच कुणीतरी अर्धवट टाकून गेलेला कोड चालता करण्यातून होते.

राजीनाम्याआधीची कागदपत्रे

नोकरीच्या नियुक्तिपत्रातील अटी पुन्हा वाचाव्यात. नोकरीत असताना बाहेरचे काम करण्यास बहुतेक नियुक्तिपत्रे मनाई करतात आणि २०२२ मध्ये मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरीसोबतच्या अशा जोडकामावरून, झालेल्या वादानंतर कंपन्या त्याबाबत अधिक कडक झाल्या आहेत, त्यामुळे पगार चालू असताना गुपचूप ग्राहक घेण्याचा मोह टाळावा. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करण्यावर घातलेली बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, आणि कंपनीत लिहिलेला कोड कॉपीराइट कायद्यानुसार कंपनीचाच असतो. त्याची एकही फाईल सोबत नेऊ नये.

आरोग्य विमा हे सर्वांत तातडीचे काम आहे. कंपनीचे सामूहिक संरक्षण साधारणतः शेवटच्या कामाच्या दिवशी संपते आणि वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. म्हणून स्वतःची व कुटुंबाची पॉलिसी नोकरीत असतानाच, शक्यतो वर्ष-दीड वर्ष आधी घ्यावी. तेवढा वेळ नसेल तर सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय कितपत आहे, हे राजीनामा देण्याआधी विचारावे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, एवढा दिलासा आहे.

गृहकर्ज किंवा क्रेडिट कार्ड घ्यायचे असेल तर तेही पगाराच्या पावत्या हातात असतानाच घ्यावे, कारण स्वयंरोजगार करणाऱ्याकडे बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. अर्थात कर्ज मिळते म्हणून ते घ्यावे असा याचा अर्थ नाही. मोठा हप्ता डोक्यावर असताना व्यवसाय सुरू करणे मी तरी सुचवणार नाही. एकाच कंपनीत पाच वर्षे पूर्ण होण्यास काही महिनेच उरले असतील तर थांबावे. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी साधारणतः पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि शेवटचे वेतन (मुख्यतः मूळ वेतन व महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ एवढी रक्कम दर वर्षामागे मिळते. भविष्य निर्वाह निधी मोडू नये. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि दहा वर्षांची सेवा झाली असेल तर निवृत्तिवेतनाचा हक्कही त्यात गुंतलेला असतो.

घरखर्चासाठी किमान नऊ महिन्यांची, आणि घरात दुसरी मिळकत नसेल तर बारा महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. नोटीस पिरियड अनेक ठिकाणी नव्वद दिवसांचा असतो. तो शिक्षा समजून काढण्यापेक्षा केटी, म्हणजे आपल्या कामाची माहिती, पुढच्या माणसाला नीट द्यावी, सहकाऱ्यांशी गोडीने निरोप घ्यावा आणि रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र व फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या देण्याघेण्याचा, हिशेब हातात पडेपर्यंत पाठपुरावा करावा. हे सहकारीच पुढे काम मिळवून देतात.

दर कसा काढावा

येथे नवागतांची सर्वाधिक फसगत होते. हातात ९०,००० रुपये पगार येतो, महिन्यात १६० तास काम असते, म्हणून तासाचा दर ५६० रुपये असा हिशेब मांडला जातो आणि तो दर ग्राहकाला लगेच पटतो. पटायलाच हवा, कारण त्यात सुट्ट्या, आजारपण, विमा, निवृत्तीची तरतूद, लॅपटॉप आणि काम शोधण्यात गेलेला वेळ यांचा पैसा धरलेला नसतो.

उलट दिशेने हिशेब करावा. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजा, सणवार, आजारपण आणि रिकामे जाणारे दिवस मिळून आठ आठवडे वजा केले की ४४ उरतात. आठवड्यात बिल लावता येतील असे तास २५ धरावेत. ही संख्या कमी वाटेल, पण फोन, अंदाजपत्रके, वसुली, शिकणे आणि हिशेब यांतच उरलेला वेळ जातो. म्हणजे वर्षाला १,१०० तास झाले. आता खर्चाची बाजू पाहू. घरखर्च महिना ६०,००० प्रमाणे ७,२०,०००. विम्याचे हप्ते ४५,०००. पूर्वी भविष्य निर्वाह निधीत जात असे त्याऐवजी १,५०,०००. उपकरणे, इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि सीएची फी मिळून १,३५,०००. बेरीज १०,५०,००० होते. बुडीत बिलांसाठी दहा टक्के जोडले की ११,५५,००० आणि त्याला १,१०० तासांनी भागले की दर १,०५० रुपये येतो. आधीच्या दराच्या जवळजवळ दुप्पट असलेला हा आकडा फक्त टिकून राहण्यासाठीचा आहे. नफा आणि कर यांचा विचार त्यावर करायचा आहे. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून हा हिशेब राजीनाम्याआधी एकदा आणि पहिल्या सहा महिन्यांनंतर पुन्हा करावा.

नोंदणी आणि कर

सुरुवातीला कंपनी स्थापन करण्याची गरज नसते. स्वतःच्या पॅनवर एकल मालकीने काम करता येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आधारच्या साहाय्याने ऑनलाइन व मोफत होते, तेव्हा तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. चालू खाते उघडताना बँक शॉप ॲक्टचा, म्हणजे लोक अजूनही ज्याला गुमास्ता म्हणतात त्याचा, कागद मागू शकते. महाराष्ट्रात व्यवसाय कराची स्वतःची नोंदणीही लागते. नोकरीत असताना तो पगारातून कापला जात असल्यामुळे अनेकांना त्याचे अस्तित्वच माहीत नसते. आता वर्षाला २,५०० रुपये आपण स्वतः भरायचे असतात.

सेवा पुरवणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. नोंदणी झाल्यावर देशांतर्गत सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के कर लावावा लागतो. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यातीच्या अटींत बसत असेल तर तिच्यावर शून्य दर असतो, परंतु कर न भरता अशी सेवा देण्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचे हमीपत्र भरावे लागते आणि बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला घेऊन ठेवावा लागतो.

आयकरात व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एडीए म्हणून ओळखली जात असे; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, एवढे लक्षात ठेवून सीएशी बोलावे. एकूण जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत असेल, तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवावा लागतो, हा भाग समाजमाध्यमांवरील सल्लागार सांगत नाहीत. या सोयीखाली आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. एका ग्राहकाकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक शुल्क मिळणार असेल तर कंपन्या त्यातून साधारणतः दहा टक्के टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापलेला कर, कापतात. तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे दर तिमाहीला आयकराच्या संकेतस्थळावर पाहावे, कारण कापलेला पण भरलेला नसलेला टीडीएस मार्चनंतर शोधत बसणे फार त्रासाचे असते.

पहिले ग्राहक आणि करारनामा

अपवर्कसारख्या मंचांवर जगभरचे लोक एकाच कामासाठी बोली लावतात आणि मिळालेल्या रकमेतून मंचही आपला हिस्सा घेतो. ओळख नसलेल्या परदेशी ग्राहकापर्यंत पोहोचायला ते मंच उपयोगी आहेत, तरी माझे पहिले तिन्ही ग्राहक जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीतून आले. भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीतील लहान कारखानदारांकडेही काम असते. त्यांचे अर्धे हिशेब टॅलीत आणि अर्धे एक्सेलमध्ये असतात आणि दोन्हींची सांगड घालून देणारा माणूस त्यांना हवा असतो. त्यांच्याशी बोलताना तंत्रज्ञानाची नावे घेऊ नयेत. रोज किती वेळ कुठे वाया जातो, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

काम कितीही लहान असले तरी करारनामा लेखी असावा, निदान ईमेलवर अटी लिहून त्याला ‘मान्य’ असे उत्तर तरी घ्यावे. काय करायचे आणि काय करायचे नाही, किती फेऱ्यांपर्यंतचे बदल दरात धरलेले आहेत, आगाऊ रक्कम किती, पुढचे हप्ते कोणत्या टप्प्यावर आणि काम मध्येच थांबले तर हिशेब कसा, हे त्यात यावे. ‘अजून एक छोटासा बदल’ या वाक्याची किंमत आधी ठरलेली नसेल तर ती नंतर कधीच ठरत नाही. मी एकूण रकमेच्या ३० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करत नाही.

कोडच्या मालकीचे कलम विशेष काळजीने लिहावे. नोकरीत कोड मालकाचा असतो. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट मात्र लेखी हस्तांतरण होईपर्यंत सहसा त्याचाच राहतो. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते. त्यामुळे जाणकार ग्राहक हे कलम स्वतःहून मागतो. ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यावर हस्तांतरण होईल’ एवढे शब्द त्यात घालून घेतले की आपल्या हातात वसुलीचे एक साधन राहते.

हे शब्द मी पहिल्या करारनाम्यात घातले नव्हते. काम पूर्ण झाले, सर्व्हरचे पासवर्ड देऊन झाले आणि मग १,४०,००० रुपयांसाठी सात महिने ‘साहेब, चेक तयार आहे, फक्त सही राहिली आहे’ हे उत्तर ऐकले. शेवटी कामी आला तो उद्यम नोंदणीचा कागद. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. शिवाय २०२३-२४ पासून असे थकवलेले बिल ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे सर्व नम्र भाषेत लिहिलेले पत्र मी ग्राहकाच्या सीएला पाठवले आणि अकरा दिवसांत रक्कम जमा झाली. ही नोंदणी काम सुरू होण्याआधीची असावी, नंतरची उपयोगी पडेलच असे नाही.

दिवसाची आखणी

स्वतंत्र काम केल्याने बर्नआउट टळतो, असे मानू नये. कार्यालयात निदान लिफ्टचा दरवाजा बंद झाल्यावर काम संपल्याची जाणीव होत असे. घरी ती होत नाही आणि बिल तासावर असल्यामुळे प्रत्येक मोकळा तास बुडाल्यासारखा वाटतो. पहिल्या वर्षी मी नोकरीत असतानापेक्षा जास्त तास काम केले. त्यानंतर तीन गोष्टी पाळतो: संध्याकाळी सातनंतर फक्त एकाच ग्राहकाचा आणि तोही आठवड्यातून दोनच दिवस कॉल, एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक भाग एकाच ग्राहकाकडून येऊ न देणे, आणि दर तीन महिन्यांनी बिल न लावलेला एक पूर्ण आठवडा.

घरच्यांशीही आधी बोलून घ्यावे. घरी दिसणारा माणूस रिकामा आहे असे गृहीत धरून गॅस सिलिंडरपासून बँकेच्या कामापर्यंत सर्व काही त्याच्याकडे येते, आणि नातेवाइकांच्या दृष्टीने तो बरेच दिवस ‘सध्या काही करत नाही’ याच सदरात असतो. लग्न ठरायचे असेल तर हा शेरा अधिक ठळक अक्षरांत येतो. त्यावर युक्तिवादाचा उपयोग होत नाही. एक खोली, एक दार आणि त्या दाराची ठरलेली वेळ यांचा होतो.

वर्षअखेरीस आकडे पाहावेत. बिल लावलेले तास ७०० च्या खाली राहिले असतील किंवा बाजूला ठेवलेली रक्कम तीन महिन्यांच्या खर्चावर आली असेल, तर सहा महिन्यांचे कंत्राट घ्यावे किंवा नोकरी शोधू लागावे, आणि त्यात संकोच बाळगू नये. त्यासाठी प्रत्येक ग्राहकाकडून काम संपताच लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र मागून घ्यावे आणि करारनामे, बिले, विवरणपत्रे व टीडीएसच्या नोंदी एका फोल्डरमध्ये वर्षवार ठेवाव्यात. नव्या कंपनीच्या वतीने आपली पार्श्वभूमी पडताळणारी संस्था त्या काळातील अनुभवपत्र मागते, आणि स्वतःच स्वतःला अनुभवपत्र देता येत नसल्यामुळे तेव्हा हा फोल्डरच पुढे करावा लागतो.